नाल्यावरचे चौदा पाईप

उमरखेडी हे आमचं गाव पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. गावातून एक नाला जातो. वरच्या अंगाला आमचा मोहल्ला, संत्रा-कपाशीवाल्यांचा. खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. नाला आधी आमच्या घरांच्या मागून वाहतो आणि मग वस्तीच्या पुढ्यातून. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही शहाण्या माणसाला ती लक्षात ठेवावीशी वाटली नाही. त्या शहाण्यांत मीही आलोच. सौंसरच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून घरी बसलेला मास्तर.

उत्तम सोमकुवर वस्तीतला. आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो. तो पुढं रेल्वेत लागला, आधी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये, मग चाबीवाला म्हणून. इटारसी-नागपूर लाईनवर रोज सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. खांद्यावर हातोडा, हातात झेंड्या. रुळाची एकेक चावी पाहायची, ढिली झाली असेल तर ठोकायची. अशी चौतीस वर्षं. बायको गेल्यापासून तो मुलगा राहुल आणि सून वैशाली यांच्यासोबत राहतो. राहुल नागपूरला कारखान्यात आहे, रविवारी येतो. घरात असतात ते हे दोघं, सासरा आणि सून.

उत्तमचं डोकं गरम, असं गावात सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पांढुर्ण्याहून बारा स्वयंसेवक आले. हिरव्या टोप्या, हिरवे टी-शर्ट, त्यावर ‘हरितसाथी’. त्यांचे म्होरके हेमंत सर, पांढुर्ण्यात कोचिंग क्लास चालवणारे. वस्तीशी ओळख करून द्यायला त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. माईक लावला, बायका-माणसं जमली.

“हवामान बदल आता आपल्या दारात आला आहे,” हेमंत सर म्हणाले. “गेल्या जुलैत तुमच्या घरात पाणी शिरलं, ते ह्याच्यामुळेच. आपण नाल्यात प्लास्टिकची पन्नी टाकतो, कचरा टाकतो, निसर्ग मग आपल्याला शिक्षा देतो. चला, आज आपला नाला आपण साफ करू.”

गाडीतून फावडी निघाली, घमेली निघाली. स्वयंसेवकांनी हातमोजे चढवले. वस्तीतली शकुबाई आणि आणखी दोघी बायका घमेली घेऊन काठापर्यंत गेल्यासुद्धा. तेवढ्यात उत्तम आला. दोरीवर कपडे टाकत होता, पिळलेला शर्ट तसाच हातात.

“शकुबाई, ठेव ते घमेलं खाली.”

शकुबाई थांबली.

“काकाजी,” हेमंत सर हसून म्हणाले, “आपण सगळे मिळून करून राहिलो ना.”

“सगळे म्हणजे कोण? वरच्या मोहल्ल्यात गेल्ते का?”

“सुरुवात इथून केली. इथं जास्त घाण आहे ना.”

“इथं दिसते. येते कुठून?”

“हे बघा, आरोप नको. आपण सकारात्मक...”

“तुमच्या हातात मोजे हायेत. हिच्या हातात काहून नाई?”

मग स्वयंसेवकांतली एक मुलगी हळूच म्हणाली, “मोजे बाराच आणले होते.”

“आयकलं?” उत्तम ओरडला. “घरून निघतानीच यायनं ठरवलं होतं, मोजे कोणाले अन् घमेलं कोणाले. उतरायचं असन तं वरून उतरा. केशवरावच्या संत्र्याच्या शेडपासून. मी पुढं चालतो. आहे कोणी?”

कोणी नव्हतं. अर्ध्या तासात माईक गुंडाळला गेला. मी गाडीपर्यंत पोचवायला गेलो आणि हेमंत सरांना म्हणालो, “मनावर घेऊ नका. तो आहेच तसा.”

दुसऱ्या दिवशी शकुबाईचा घमेल्यासकट फोटो मोबाईलवर फिरत आला. खाली लिहिलं होतं, ‘वस्तीतील नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग’.

आता उत्तम एवढा का पेटला, ते सांगतो. त्याच्या बापाला, म्हणजे सदाशिवला, गावातली मेलेली ढोरं ओढून न्यावी लागत. छप्पन साली सदाशिव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्यानं पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहून सांगितलं, आजपासून ढोर ओढणार नाही. त्यावर गावानं वस्तीला विहिरीचं पाणी बंद केलं. सगळा उन्हाळा वस्तीनं ह्याच नाल्यात झिरे खणून पाणी काढलं. नाला तेव्हा स्वच्छ होता. पाणी बंद करणाऱ्यांत माझे आजोबा होते. हे मला घरी कोणी सांगितलं नाही, उत्तमनंच सांगितलं, चौथीत असताना, मारामारी करताना.

तर अशा माणसाच्या दारात येऊन कोणी घमेलं ठेवलं आणि म्हटलं, उतर नाल्यात, सगळ्यांची घाण काढ.

मंगळवारी ती मोज्यांचं खरं बोलणारी मुलगी एकटीच बसनं आली. तृप्ती तिचं नाव, पांढुर्ण्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. उत्तमच्या दारात उभी राहून म्हणाली, “काकाजी, तुम्ही म्हणाले होते वरून चला. मी चालते.”

“टोपी कुठं हाये तुही?”

“घरी ठेवली.”

“मी दाखवीन ते लिहिशील? नावासकट?”

“लिहीन.”

“तं पहिलं माहं लिव. न्हाणीचं पाणी, दीड इंची पाईप. सरळ नाल्यात जाते.”

पंधरा दिवस ते दोघं नाल्यानं फिरले. उत्तम पुढं, ती मागं वही घेऊन. चौतीस वर्षं रूळ पाहिलेला माणूस. काही सुटू द्यायचा नाही. झुडपात लपलेला पाईप काठीनं उघडा करायचा, किती इंची, कोणाच्या घरून, पाणी कसलं, सगळं सांगायचा. रुंदी पावलांनी मोजायचा. एकदा ते माझ्या घरामागे उभे असलेले मी गच्चीवरून पाहिले. मी आत गेलो.

एकूण चौदा पाईप निघाले. वस्तीतले दोन, बाकी बारा वरचे.

तृप्तीनं यादी हेमंत सरांना दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. “अगं, टोप्या कोणी दिल्या? रोपं कोण देऊन राहिलं? केशवराव. आपल्याला लोकांना जोडायचं आहे, तोडायचं नाही,” ते म्हणाले. केशवराव म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मोठे बागाईतदार. त्यांची संत्र्याची शेड गावाच्या वरच्या टोकाला आहे. तिथं संत्रा धुतात, मेण लावतात, निवडतात आणि कॅरेट भरून बाहेर पाठवतात.

म्हाताऱ्याला गप्प कसं करायचं, तेही हेमंत सरांनी शोधून काढलं. बावीस मार्चला पाणी दिनाचा कार्यक्रम ठेवला आणि उत्तमला ‘निसर्गमित्र’ म्हणून सत्कार जाहीर केला. मला वाटलं, उत्तम नाही म्हणेल. तो हो म्हणाला.

ग्रामपंचायत भवनापुढं मंडप पडला. मंचावर केशवराव, सरपंच, हेमंत सर आणि मी. उत्तम पांढरा शर्ट घालून आला. केशवरावांनी त्याला शाल घातली, नारळ दिला, फोटो झाला. “दोन शब्द बोला,” हेमंत सर म्हणाले. उत्तमनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खिशातून कागद काढला.

“नंबर एक. उत्तम सोमकुवर, बौद्ध वस्ती. न्हाणीचं पाणी, दीड इंची पाईप.”

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत आहे.

“नंबर दोन. वस्तीची सामायिक नाली. नंबर तीन. ग्रामपंचायत भवन, संडास.”

हसणं बंद झालं. हेमंत सरांनी माईकवाल्याला खूण केली आणि माईक बंद पडला. पण त्या माणसानं जन्मभर रुळावरच्या माणसांना गाडी आली म्हणून ओरडून बाजूला केलं होतं. त्याला माईक कशाला लागतो? तो वाचत राहिला, एकेक घर, एकेक नाव. नवव्या नंबरला त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

“नंबर नऊ. मास्तर. संडास अन् न्हाणी, चार इंची.”

मी पायाकडं पाहिलं.

“नंबर चौदा. केशवरावची शेड. सिमेंटचा पाईप, दोन फुटी. अन् शेडची भिंत, नाल्यात तेरा पावलं आत. नाला पहिले बावीस पावलं होता, आता नऊ हाये.” त्यानं कागद खाली केला. “जुलैत आमच्या घरात पाणी शिरलं तवा ह्या सरांनी सांगितलं, हवामान बदललं. बदललंच. पाऊस पहिले चार दिवस पडे तो आता दोन घंट्यात पडते, मी लाईनवर डोळ्यानं पाह्यलं. पण भिंत हवामानानं नाई बांधली. अन् आमाले सांगून राहिले, तुमी पन्नी टाकता म्हणून पूर आला!”

केशवराव उठलेसुद्धा नाहीत. बसूनच म्हणाले, “उत्तम, एवढा राग बरा नाही. बीपी वाढन.” सरपंचांनी घाईघाईत आभार मानले. चहा झाला. कोणी उत्तमशी बोललं नाही आणि तो शाल तिथंच ठेवून निघून गेला.

वैशाली त्याच शेडमध्ये कामाला होती. निवडीच्या पट्ट्यावर, पाच वर्षांपासून. सोमवारी सकाळी ती गेली, तर मुकादम दारातच उभा. उद्यापासून नको येऊ म्हणाला, आणि मग म्हणाला, आजही नको. दहा वाजता ती भरला डबा घेऊन घरी परत आली. पुढचं मला तिनंच सांगितलं.

उत्तम अंगणात बसला होता. तिनं डबा त्याच्यापुढं ठेवला.

“मामाजी, तुमी बोलले अन् काम माहं गेलं. मले एका शब्दानं इचारलं?”

“तू थांबवलं असतं मले?”

“नसतं थांबवलं. पण आधी दुसरीकडं बोलून ठेवलं असतं. तुमाले पेन्शन हाये. मंचावर उभं राहून तुमचं काय गेलं?”

तीच पुढं बोलत गेली.

“अन् वाचलं तेबी अर्धंच. म्हणे सिमेंटचा पाईप, दोन फुटी. त्यातून काय येते, माहीत हाये? संत्रा सडू नये म्हणून हौदात दवाई टाकते. त्याच पाण्यात सगळा माल धुते. बुधवारी अन् शनिवारी थो हौद रिकामा करते, सगळा नाल्यात. हे पाहा माहे हात.” तिच्या बोटांची साल निघालेली होती. “आमी मलम लावून राहिलो. अन् खाली त्याच पाण्यात पुष्पामावशी कपडे धुते.”

“हे पहिले काहून नाई सांगितलं?”

“इचारलं कोण? तुमी अन् ते पोरगी पंधरा दिवस नाल्यानं फिरले. रोज इथं येऊन माह्या हातचा चहा पेले. पाईप कुठून येते ते लिहून राहिले. पाईपाच्या त्या बाजूले मी उभी होती, पाच वर्षं. मले इचारावं असं दोघायच्या बी डोक्यात नाई आलं!”

मला हे सांगतानाही तिचा आवाज चढला होता. हेमंत सरांनी वस्तीला विचारलं नाही म्हणून उत्तम पेटला होता, आणि त्याच्याच घरात ही गोष्ट झाली. उत्तम उठला, आत गेला, वही आणली आणि तिच्यापुढं ठेवली.

“चुकलं माहं. तू लिव.”

वैशाली बारावी झालेली. तिनं हिंदीत अर्ज लिहिला, कारण इकडं मध्य प्रदेशात अर्ज हिंदीतच चालतो. हौद, दवाई, वार, वेळ, पाणी किती वाजता सुटतं ते सगळं. शेडमधल्या दोघी जणी सही करायला आल्या, तर तिनंच त्यांना परत पाठवलं. “तुमचं काम चालू हाये, चालू राहू द्या.” बुधवारी उत्तम आणि तृप्ती पाईपाच्या तोंडाशी जाऊन दोन बाटल्या भरून आले. पाणी पिवळट, वर मेणाचा तवंग, वास असा की बाटलीला झाकण असूनही तृप्तीला बसमध्ये पिशवी खिडकीबाहेर धरावी लागली.

पांढुर्णा जिल्हा झाल्यामुळे आता छिंदवाड्यापर्यंत जायचं कारण नव्हतं. दर मंगळवारी साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईत वैशालीनं अर्ज आणि बाटल्या टेबलावर ठेवल्या. सही फक्त तिची होती.

इकडं हेमंत सरांनी तृप्तीला ग्रुपमधून काढलं. तिच्या मागोमाग चार जण स्वतःहून निघाले. ते पाचही जण एप्रिलभर दर रविवारी आले, बिनटोपीचे. त्यांनी मोहल्ल्यात घरोघर जाऊन सांगितलं की पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा परसात शोषखड्डा करा, दगड-विटांचे तुकडे भरा, पाणी तिथंच मुरेल, उन्हाळ्यात तुमच्याच बोअरला कामी येईल. अर्ध्या घरांनी दार लावून घेतलं. एकानं तर म्हटलं, वस्तीतले दोन मजूर पाठवा, खणून घेऊ.

हे उत्तमच्या कानावर गेलं. तो वर आला आणि रस्त्यावर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पोरं मोजून देतीन, सांगतीन. पण खड्डा ज्याच्या घरचा त्यानं खणायचा. वस्तीतला एक माणूस येणार नाई. आमचे आमी खणले.”

खरंच खणले होते. यादीतले पहिले दोन पाईप आठवड्यातच बंद झाले होते. तिसरा बंद झालेला पाईप माझा. पासष्टाव्या वर्षी मी तीन दिवस खड्डा खणला. हाताला फोड आले. बायको म्हणाली, जमत नसेल तर ट्रॅक्टरवाल्याला बोलवा. मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तम कुंपणापलीकडं उभा होता. मला वाटलं, काही बरं बोलेल.

“आणखी एक फूट, मास्तर,” तो म्हणाला आणि गेला.

एप्रिलात जिल्ह्याहून दोन माणसं आली. केशवरावांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. त्यांनी चहा घेतला आणि पाणीही घेतलं, तपासायला. मे महिन्यात कागद आला: पाईप बंद करा, शेडच्या जागेतच टाकी बांधा, पाणी साफ केल्याशिवाय बाहेर सोडू नका. पाईपात सिमेंट भरताना अख्खी वस्ती काठावर उभी राहून पाहत होती. केशवराव आले नाहीत, मुकादम होता. वैशालीनं त्याला नमस्कार केला. ती आता सौंसरच्या दुसऱ्या एका शेडमध्ये जाते. सकाळी सातची बस, यायला सात. दोन तास तिचे रोज रस्त्यात जातात. त्याची भरपाई कोणत्याही कागदात नव्हती.

माझ्यानंतर मोहल्ल्यातल्या आणखी चार घरांनी पाईप बंद केले. म्हणजे शेडचा धरून चौदापैकी आठ. ग्रामपंचायत भवनाचा संडास अजून नाल्यातच जातो. आणि भिंत आहे तिथंच आहे. जुलैत एका दुपारी पाऊस झाला, दोनच तास, आणि शकुबाईच्या घरात गुडघाभर पाणी. तांदळाची कोठी भिजली. नाल्यात पन्नी नव्हती, कचरा नव्हता, त्या पाचांनी आणि वस्तीनं मिळून सगळा काढला होता. मोज्यांसकट. तरी पाणी आलं, कारण बावीस पावलांचं पाणी नऊ पावलांतून कसं जाणार?

त्याच आठवड्यात हरितसाथीची पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद. आत उत्तमचा शाल घातलेला फोटो, खाली ‘स्थानिकांचा हवामान रक्षणात पुढाकार’. उत्तमनं ती पुस्तिका पाहिली आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली. तो ओरडला नाही. त्यानं ती शकुबाईच्या घरात नेली, ओल्या जमिनीवर उघडून ठेवली आणि म्हणाला, “पाय पूस यावर.”

तेव्हापासून दर मंगळवारी तो पांढुर्ण्याला जातो. मागणी एकच, नाल्याची सरकारी मोजणी करा. साहेब नवीन आहेत, फाईल पुढं गेली आहे, पुढच्या मंगळवारी या. तो पुढच्या मंगळवारी जातो. केशवरावांनी मध्ये निरोप पाठवला की वैशालीला परत कामावर घेतो, मोजणीचं सोडून दे. निरोप घेऊन येणारा मीच होतो, हे लिहिताना मला लाज वाटते. वैशालीच पुढं झाली. “गुरुजी,” म्हणाली, “त्यायले सांगा, मले इचारून निरोप पाठवत जा. अन् माहं उत्तर नाई म्हणून हाये.”

मी तो निरोप नेला. केशवराव मला म्हणाले, “तुम्ही कोणाचे, मास्तर?”

गेल्या सोमवारी मी उत्तमकडं गेलो. मोजणीच्या अर्जावर वस्तीतल्या बासष्ट जणांच्या सह्या होत्या. वरच्या मोहल्ल्यातली एकही नव्हती. मी पेन मागितला. आता माझ्या गल्लीत तीन घरं माझ्याशी बोलत नाहीत.

उत्तमनं पेन दिला. आभार मानले नाहीत, बसा म्हटलं नाही. मी सवयीनं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात सही करायला गेलो, तर त्यानं कागदावर हात ठेवला.

“तिथं नाई, मास्तर. खाली जागा हाये. बासष्ट नंबरच्या खाली.”

मी खाली केली.